खाऱ्या विहिरीचा दोष समुद्रावर टाकू नका



मागं टीडीएस मीटरबद्दल लिहिलं होतं, त्यावर दोघा-तिघांनी एकच प्रश्न केला. कोकणात समुद्राकाठच्या विहिरी खाऱ्या होतेत असं ऐकतो, इकडं आपल्या बोअरचं पाणीही मचूळ लागायलंय, मग समुद्राचं पाणी जमिनीतून इथवर येतंय का?

सरळ उत्तर, नाही. पिशोरपासून समुद्र सरळ रेषेत धरला तरी अडीचशे किलोमीटरच्या वर आहे. आपलं शिवार समुद्रसपाटीपासून ५०० मीटरच्या वर. एखाद्यानं ७०० फूट बोअर मारला तरी तो २१३ मीटर खाली गेला. म्हणजे त्या बोअरचा तळसुद्धा समुद्राच्या पातळीपेक्षा पावणेतीनशे मीटरपेक्षा जास्त उंच राहिला. समुद्राचं पाणी एवढा चढ चढून येत नसतं.

पण प्रश्न वेडा नाही. समुद्राकाठी जे होतं आणि आपल्याकडं जे होतं त्यात एक गोष्ट सारखी आहे, ती आज लिहितो. जरा लांबलचक होईल, पण वाचा.

माझा पुतण्या रायगड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. आपल्या मराठवाड्यातली बरीच पोरं तिकडं मास्तर आहेत, तुम्हाला माहितीच आहे. त्याच्यामुळं माझं अलिबागकडं तीन-चारदा जाणं झालं. तिथं अलिबाग आणि पेणच्या मधल्या पट्ट्याला खारेपाट म्हणतात. खाडीच्या कडेनं मातीचे लांबच लांब बांध घातलेत, आत भातशेती. बांधाला ठिकठिकाणी झडपा ठेवलेल्या असतात, त्याला ते उघाडी म्हणतात. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर जातं, भरतीला झडप दाबून बसते आणि खारं पाणी आत येत नाही. अमावस्या-पुनवेला मोठी भरती येते, ते उधाण. उधाणात बांध फुटला की त्याला खांड पडली म्हणतात. खांड पडली की शेतात खारं पाणी शिरतं आणि पुढची दोन-तीन वर्षं पाऊस मीठ धुऊन काढेपर्यंत भात धड येत नाही. अशा खाऱ्या जमिनीसाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्र पनवेलला आहे, त्यांनी पनवेल १, पनवेल २, पनवेल ३ या भाताच्या जाती दिल्या.

हे झालं वरून येणाऱ्या खाऱ्या पाण्याचं. ते डोळ्याला दिसतं, त्याला बांध घालता येतो. विहिरीत येणारं खारं पाणी खालून येतं. ते दिसत नाही.

एका मे महिन्यात पुतण्याच्या ओळखीच्या एका काकांच्या वाडीत गेलो होतो. नारळ, सुपारी, थोडा पांढरा कांदा. तिकडच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन आहे. वाडीत दोन विहिरी. एक खाडीच्या अंगाला, एक वरच्या अंगाला, मध्ये आपल्या दोन-अडीच एकराचं अंतर. वरच्या विहिरीचं पाणी गोड. खालचीचं तोंडात धरवेना. मी म्हटलं, खाडी जवळ म्हणून असेल. काका म्हणाले, "खाडी माझ्या आज्याच्या काळापासून तिथंच आहे. आज्यानं ह्याच विहिरीवर रहाट लावून बाग केली. पाणी बिघडलं ते मोटर बसल्यावर."

ह्या एका वाक्यात सगळं आलं. आता त्याच्या मागचं शास्त्र सांगतो.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, म्हणून ते गोड्या पाण्यापेक्षा जड. एक लिटर गोडं पाणी एक किलो भरलं तर समुद्राचं १ किलो २५ ग्रॅम भरतं. किनाऱ्याच्या जमिनीत पावसाचं गोडं पाणी वर तरंगतं आणि समुद्राचं जड पाणी त्याच्या खाली बसतं. आता हिशोब बघा. ४० फूट खाऱ्या पाण्याचा दाब ४० गुणिले १.०२५, म्हणजे ४१. तेवढाच दाब द्यायला गोडं पाणी ४१ फूट लागतं. म्हणजे गोडं पाणी समुद्राच्या पातळीपेक्षा एक फूट वर असलं, तर त्याच्या जोरावर समुद्रपातळीखाली ४० फुटांपर्यंत गोडं पाणी टिकून राहतं. हा हिशोब १८८८ मध्ये हॉलंडच्या बाडोन गायबेन यांनी आणि १९०१ मध्ये जर्मनीच्या हर्झबर्ग यांनी वेगवेगळा मांडला, आजही दोघांच्या नावानं शिकवतात.

आता उलटं धरा. मोटर लावून पाणी एक फूट खाली गेलं, की खालचं खारं पाणी हळूहळू ४० फूट वर यायला मोकळं होतं. आपल्याला वाटतं फूटभर तर उतरलंय, पण तळात गाडं उलटं फिरलेलं असतं.

कृषी खात्यातली वाचणारी मंडळी लगेच म्हणतील की हा हिशोब वाळूच्या थराला बसतो. बरोबर आहे. कोकणात खाली आपल्यासारखाच काळा खडक, वर जांभा. खडकात पाणी भेगांतून फिरतं, त्यामुळं एक विहीर खारी आणि शंभर पावलांवरची गोड असं होतं. तंतोतंत ४० पट लागू होत नाही. पण दाबाचा नियम तोच. गोड्या पाण्याचा दाब कमी झाला की ज्या भेगेतून वाट मिळेल तिथून खारं पाणी आत येतं. खाड्या जमिनीत किलोमीटर किलोमीटर आत घुसलेल्या असतात, म्हणून समुद्र दिसतसुद्धा नाही अशा गावातली विहीरही खारी होऊ शकते.

बिघडायला किती पुरतं तेही बघा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात नुसतं क्लोराइड १९ ग्रॅमच्या आसपास असतं. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकात क्लोराइडची चांगली मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम, दुसरी सोय नसेल तर १००० पर्यंत. शंभर घागरी गोड्या पाण्यात दोन घागरी समुद्राच्या मिसळल्या की साधारण ३७० मिलिग्रॅम होतात. पाच मिसळल्या की साधारण ९००. पाच घागरीत पिण्याची विहीर संपली.

मग कोण म्हणेल, कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्या चौपट, तिथं गोड्या पाण्याचा दाब कमी कसा पडेल? पडतो. जांभा चाळणीसारखा असतो, पाऊस मुरतो आणि उताराला लागून समुद्राला मिळतो. जून ते सप्टेंबर भरपूर, एप्रिल-मेला विहिरी तळाला. नेमक्या त्याच दिवसांत पर्यटकांची गर्दी आणि टँकरचा उपसा. पाणी भरायला चार महिने, उपसायला बाराही. त्यात जुनी तळी बुजवून घरं होतात, मग मुरणारं पाणीही घटतं. पाऊस किती पडला यापेक्षा मे महिन्यात विहिरीत किती उरलं, ह्यावर समुद्र आत येणार का नाही ते ठरतं.

हे फक्त कोकणात झालं असं नाही. सौराष्ट्रात मांगरोळ, चोरवाडचा किनारा बागायतीसाठी नावाजलेला. तिथला दगड चुनखडीचा, सच्छिद्र. इंजिनं आणि मोटरी आल्या, उपसा वाढला, आणि काठच्या गावांच्या विहिरी खाऱ्या होत गेल्या. शेवटी १९७६ मध्ये गुजरात सरकारला उच्चस्तरीय समिती नेमावी लागली. नद्यांच्या मुखाशी बंधारे आणि भरती अडवणारे दरवाजे, तळी, पुनर्भरण, आणि उपशावर आवर, असे उपाय पुढं आले. चेन्नईच्या उत्तरेला मिंजूर भागात शहरासाठी बोअर मारून पाणी उपसलं, तिथंही समुद्र जमिनीखालून काही किलोमीटर आत आला. दोन्हीकडं समुद्र जुनाच होता. नवीन होता तो उपसा.

आता आपल्या बाजूचं एक उदाहरण देतो. लोणारला बरेच जण जाऊन आले असाल. तळ्याचं पाणी खारट, साबणासारखं. पण त्याच खड्ड्याच्या काठावर धार आहे, तिचं पाणी गोड, लोक त्यात अंघोळ करतात. खाऱ्या तळ्याच्या डोक्यावर गोडी धार कशी? कारण गोड्या पाण्याची पातळी वर आहे आणि ते तळ्याकडं वाहतं. तळ्याचं पाणी उलटं तिकडं चढत नाही. आणि तळं खारं का? कारण त्याला बाहेर जायला वाट नाही. पाणी वाफ होऊन जातं, क्षार मागं राहतात. दोन नियम त्या एका खड्ड्यात दिसतात. गोडं पाणी वर असलं तर खारं येत नाही, आणि निचरा नसला तर समुद्र नसतानाही पाणी खारं होतं.

दुसरा नियम बघायचा असेल तर अकोला, अमरावती, बुलढाण्याचा खारपाणपट्टा बघा. आठशेच्या वर गावं. त्यांची पूर्णा तापीला मिळते, आपली पूर्णा गोदावरीला, दोन वेगळ्या नद्या आहेत हे लक्षात ठेवा. तिकडं जाड चिकण गाळ, निचरा कमी, जमिनीखालच्या पाण्यात सोडियम जास्त. समुद्र कुठल्या कुठं, तरी विहिरीच्या पाण्यावर ओलीत करता येत नाही. दिलं तर काळी जमीन दगडासारखी होते. म्हणून तिथले शेतकरी शेततळ्यात पावसाचं पाणी साठवून एक-दोन पाणी देतात.

आता पिशोर. आपल्याकडं अंजना नदी आहे, खाली काळा खडक, पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. आपल्या विहिरी सहा-सात परस खोल, त्यातलं पाणी बहुतेक त्या-त्या वर्षीच्या पावसाचं. ते ताजं असतं म्हणून गोड. बोअर जसजसा खाली जातो तसं जुनं पाणी लागतं. ते वर्षानुवर्षं दगडाला घासून बसलेलं, त्यात सोडियम आणि बायकार्बोनेट जास्त असू शकतं. वरचं पाणी भरपूर असतं तोवर हे खालचं आपल्याला कळत नाही. वरचं संपलं की मोटरीला फक्त खालचं मिळतं. समुद्राच्या जागी आपल्याकडं हे खालचं पाणी आहे एवढंच समजा.

माझ्या विहिरीचा आकडा ऑक्टोबरात ४१० असतो, मे मध्ये ६२० च्या पुढं जातो. विहीर तीच, मीटर तोच. शेजारच्या वस्तीवर एक खोल बोअर आहे, तिथं उन्हाळ्यात ११०० दाखवतो आणि ठिबकच्या ड्रिपरवर पांढरा थर बसतो. त्या पाण्यावरच्या अद्रकीची पानं पिवळी पडतेत. दुकानातून फेरस आणून मारतेत, चार दिवस हिरवी दिसते, परत पिवळी. खोट पाण्यात असली तर फवारणी किती दिवस पुरणार?

कुठलं पीक किती खार सहन करतं त्याचे आकडे कृषी शास्त्रात ठरलेले आहेत. जमिनीची ईसी किती झाल्यावर उत्पन्न घटायला लागतं ते असं. कापूस ७.७, गहू ६, मका १.७, कांदा १.२. म्हणजे कपाशीवाला ज्या पाण्यावर हसतो त्याच पाण्यावर कांदेवाला रडतो. अद्रकही खार सोसणारं पीक नाही. आपल्या भागात कपाशी जाऊन मका, कांदा, अद्रक वाढलं. म्हणजे पाणी खराब होत चाललं त्याच वर्षांत आपण नाजूक पिकं धरली. हे मला जास्त धोक्याचं वाटतं.

माझं मत काय, ते आता स्पष्ट मांडतो. कुणाला पटेल, कुणाला राग येईल.

पहिलं. सामाईक विहिरीजवळ आणि वस्तीच्या पिण्याच्या विहिरीजवळ खोल बोअर मारू नये. पिण्याच्या सार्वजनिक स्रोताच्या ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घ्यायची नाही, हा कायदा १९९३ पासून आहे. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमात ६० मीटरपेक्षा, म्हणजे २०० फुटांपेक्षा खोल ती खोल विहीर धरली आहे आणि तिच्यावर निर्बंध आहेत. पण बोअरची गाडी रात्री येते आणि सकाळी निघून जाते, कायदा वाचत बसत नाही. म्हणून हे भाऊबंदांनी आपसात ठरवायला पाहिजे.

ह्यावर माझाच एक चुलत भाऊ म्हणतो, "अद्रक उभी आहे, एकराला लाखाच्या वर खर्च गेलाय, मे मध्ये पाणी तुटलं तर काय करू? तू भाषण देऊन माझं पीक वाचतंय का?" त्याचं खोटं नाही. उभं पीक जळताना बघणं काय असतं ते मला माहिती आहे. पण त्यानं ७०० फुटांवर मोटर सोडली की सहा घरांच्या विहिरीचं पाणी त्या भोकातून खाली उतरतं. त्याचं पीक दोन वर्षं वाचतं, मग त्याचाही बोअर आटतो, मग ९०० फूट. सौराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यालाही असंच वाटलं असेल की माझ्या एका इंजिनानं समुद्राला काय फरक पडतो.

दुसरं. पाणी बघून पीक धरा, पीक बघून पाणी शोधू नका. आमच्या वस्तीवर आम्ही सहा घरांनी असं ठरवलंय. विहिरीच्या आतल्या भिंतीवर ऑइल पेंटनं फुटाच्या खुणा केल्यात. दर अमावस्येला पाणी कुठं आहे ते वहीत लिहायचं. फेब्रुवारीच्या अमावस्येला पाणी ठरलेल्या खुणेच्या खाली असलं तर उन्हाळी मका कुणीच करायची नाही आणि मोटरी पाळीनं चालवायच्या. तरी अक्षय तृतीयेला अद्रक किती लावायची ह्यावर दरवर्षी भांडण होतंच. पण आता भांडण वही समोर ठेवून होतं. चुलत भाऊ अजून वहीवर सही करत नाही, आम्ही त्याच्या दारात जायचं सोडलेलं नाही.

खारेपाटातल्या लोकांकडून मला एक गोष्ट घ्यावीशी वाटते. बांध फुटला तर सगळ्यांचं भात जातं हे दिसत असल्यामुळं पूर्वी गावच्या गाव मिळून बांध राखायचं. पुढं १९४८ आणि १९७९ चे खारभूमीचे कायदे आले, योजनांमधल्या बांधांची जबाबदारी सरकारकडं गेली, पण बांध सगळ्यांचा आहे ही जाणीव तिथं अजून आहे. आपल्या जमिनीखालचं पाणीही तसंच सगळ्यांचं, फक्त त्याला बांध घालता येत नाही. त्याला राखायचं तर हाती काय आहे? आपसातला शब्द, दुसरं काही नाही.

तिसरं, हे कृषी सहाय्यक आणि कृषी विज्ञान केंद्राच्या साहेब लोकांसाठी. माती परीक्षणाचा जेवढा आग्रह धरता तेवढा पाण्याचा धरा. आणि नमुना मे महिन्यात घ्यायला लावा. ऑक्टोबरचा नमुना म्हणजे लग्नातला फोटो, सगळे चांगलेच दिसतात. रिपोर्टवर नुसते आकडे देऊ नका, ह्या पाण्यावर अद्रक करू की नको ते एका ओळीत मराठीत लिहा.

शेतकऱ्यांसाठी पाण्याच्या रिपोर्टमधल्या तीन ओळी. ईसी ०.७५ च्या आत असली तर निर्धास्त राहा, २.२५ च्या वर गेली तर बहुतेक पिकांना ते पाणी धोक्याचं. एसएआर १० च्या आत बरा. आरएससी १.२५ च्या आत चांगलं, २.५ च्या वर गेलं तर ते पाणी काळ्या जमिनीला देऊ नये, जमीन बसते. हातातल्या टीडीएस मीटरला फक्त एकूण क्षार कळतात, सोडियम किती ते कळत नाही. मीटर म्हणजे कपाळाला हात लावून ताप बघणं. रक्त तपासायचं तर प्रयोगशाळेतच जावं लागतं.

नमुना घेताना मोटर अर्धा तास चालू द्या. गोडं पाणी वर राहतं, त्यामुळं विहिरीच्या तोंडाचं पाणी फसवतं. प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली, त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, एक लिटर गच्च भरायची, नाव, गट नंबर, विहिरीची खोली आणि तारीख लिहून दुसऱ्या दिवसापर्यंत पोचती करायची. खताची किंवा औषधाची बाटली घेऊ नका.

आणि विहीर पुनर्भरण करणारांना एक विनंती. नाल्याचं गढूळ पाणी सरळ विहिरीत सोडू नका. दगड, खडी, वाळूचा खड्डा करून त्यातून गाळून सोडा. शेतातलं खताचं पाणी आणि गोठ्याचं पाणी त्यात येणार नाही हे बघा, नाहीतर गोडं करायला गेलो आणि नायट्रेट भरून ठेवलं असं होईल.

खारेपाटातल्या काकांनी खालच्या विहिरीवरची मोटर काढली, ती वरच्या विहिरीवरही बसवली नाही. तिथं दिवसाला दीड तास पाणी घ्यायचं आणि बागेला ठिबक, असं त्यांनी चालवलंय. खालची विहीर पुन्हा गोड होईल का, विचारलं. म्हणाले, पाऊस धुऊन काढतो, पण बिघडायला लागला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. आपल्याकडं पाऊस त्यांच्या चौथाई आहे. आपल्याला किती लागेल ते ज्याचं त्यानं धरावं.

यंदाच्या मे महिन्यातला आपल्या विहिरीचा आणि बोअरचा आकडा, खोली आणि गाव एवढं खाली लिहा. पन्नास आकडे जमले तर शिवारवार तक्ता करून इथंच टाकतो. ज्यांच्याकडं मीटर नाही त्यांनी बाटली घेऊन वस्तीवर यावं, मोजून देतो.